ग्रंथ पूर्ण झाल्यावरही देव बोलतो का? केडगावचं मुक्ती सदन, १९०५ ची जागृती आणि पंडिता रमाबाई



मागच्या बैठकीत मी गुलबर्ग्याच्या जुन्या शाळांवर एक टिपण वाचलं होतं. निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, १९१२ साली पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती हायस्कूल काढलं आणि त्यांची कन्या मनोरमाबाई तिथे मुख्याध्यापिका झाल्या, अशी त्यात नोंद होती. त्याआधीच्या केडगावच्या कामाबद्दल लिहिताना मी १९०५ सालचा प्रसंग "काही काळ चाललेला धार्मिक उन्माद" एवढ्या चार-पाच शब्दांत उरकला होता.

चहाच्या वेळी आपल्यातलेच एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. निवृत्त शिक्षक, घराणं ख्रिस्ती. म्हणाले, "शाळेचं चांगलं लिहिलंत. पण तो उन्माद शब्द कुठून आणलात? माझी आजी छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत आलेली. १९०५ ला ती तिथेच होती. देव बोलला असं ती मरेपर्यंत सांगायची. उन्माद म्हणायचं तर म्हणा, पण वाचून म्हणा."

मी वाचलेलं नव्हतं. कुठल्या तरी दुय्यम पुस्तकातला शब्द उचलून ठेवून दिला होता. तीस वर्षं वीज उपकेंद्रांवर काम केलेल्या माणसाला हे शोभत नाही. मीटरचा आकडा लिहिण्याआधी तो मीटर कुणी आणि कशाशी ताडून पाहिला हे विचारायचं, हे आमचं पहिलं शिक्षण. म्हणून गेले काही महिने त्या प्रसंगाबद्दल मिळेल ते वाचलं. हा लेख म्हणजे त्या चार-पाच शब्दांची दुरुस्ती आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. चूक दिसली तर जरूर सांगा.

वाद नेमका काय आहे

ख्रिस्ती धर्मात देवाचं वचन म्हणजे पवित्र शास्त्र, जुना आणि नवा करार. आता प्रश्न असा की हे शास्त्र लिहून पूर्ण झाल्यावर देव त्याच्या बाहेर कुणाशी बोलतो का? स्वप्नात, दर्शनात, मनातल्या स्पष्ट आवाजात, कुणाच्या तोंडून आलेल्या संदेशात?

हा प्रश्न फार जुना आहे. नव्या करारातच प्रेषितांच्या काळात संदेश देणारी माणसं दिसतात. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत, अशी नोंद आहे. पण दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्थानातल्या फ्रुगिया प्रांतात, माँटेनस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोन बायका पवित्र आत्मा आपल्या तोंडून बोलतो असं सांगू लागल्या, तेव्हा मंडळीच्या पुढाऱ्यांनी त्यांना बाहेर ठेवलं. आत्मा कुणाच्या तोंडून बोलतो हे ठरवणार कोण, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

पुढे दोन मुख्य वाटा झाल्या. रोमन कॅथलिक परंपरेत शास्त्राबरोबर मंडळीची परंपराही प्रमाण. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने हे स्पष्ट केलं. सर्वांसाठीचं प्रकटीकरण प्रेषितांबरोबर पुरं झालं, पण एखाद्याला खाजगी प्रकटीकरण होऊ शकतं, आणि ते खरं की खोटं हे चर्च तपासतं, अशी ही भूमिका. गोव्यातल्या आपल्या वाचकांना हे सांगायला नको. १८५८ साली फ्रान्समधल्या लूर्दला बर्नादेत या गरीब मुलीला दर्शनं झाली. तिथल्या बिशपने चौकशी करून १८६२ साली त्यांना मान्यता दिली. तरीही ती मानणं कुणावर बंधनकारक नाही.

प्रोटेस्टंटांनी परंपरेचा हा खांब काढून टाकला आणि फक्त शास्त्रच प्रमाण मानलं. पण लगेच अडचण आली. १५२१ साली त्स्विकाउ गावचे काही लोक विटेनबर्गला आले आणि आम्हाला देव थेट सांगतो म्हणू लागले. ल्यूथरने त्यांना थारा दिला नाही. पोपची सत्ता नाकारायची आणि तिच्या जागी रस्त्यावरच्या कुणाचाही "मला देवाने सांगितलं" हा दावा मानायचा, हे त्याला परवडणारं नव्हतं. पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा तयार झाला, तो स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ साली स्वीकारला. त्यात पहिल्याच प्रकरणात म्हटलंय की देवाने आपली इच्छा कळवण्याच्या पूर्वीच्या रीती आता थांबल्या आहेत. गंमत म्हणजे त्याच प्रकरणाच्या शेवटी, सर्व वादांचा अंतिम न्यायाधीश शास्त्रातून बोलणारा पवित्र आत्माच, असंही आहे. म्हणजे देव मुका झाला असं तेही म्हणत नाहीत. तो ग्रंथातून बोलतो, ग्रंथाबाहेर नाही, एवढंच.

मुंबई-पुण्यात शाळा-कॉलेजं काढणारे स्कॉटिश मिशनरी याच परंपरेतले. मराठी मुलखातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळींची घडण साधारण याच शिस्तीत झाली होती: उपदेश ऐकायचा, शास्त्र वाचायचं, शांतपणे प्रार्थना करायची. या पार्श्वभूमीवर १९०५ चं केडगाव पाहायला हवं.

न बोलणाऱ्या देवाची आठवण

रमाबाईंचं चरित्र आपल्याला ढोबळमानाने माहीत असतं. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडत राहिलं. पण आपल्या विषयासाठी त्यातला एकच भाग महत्त्वाचा आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झालं. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलंय की आईवडिलांनी शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं. जप, उपास, दानं, देवळात अनुष्ठानं. पैसा संपला. देव प्रसन्न होऊन काहीतरी सांगेल, म्हणून ते वाट पाहत राहिले. कुणी काही सांगितलं नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरले सोळा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचे भाऊ.

ही त्यांची स्वतःची साक्ष आहे आणि ती त्यांच्या धर्मांतरानंतरची आहे, हे लक्षात ठेवून वाचायची. पण देवाच्या आवाजाची वाट पाहणं म्हणजे काय, आणि तो न येणं म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. १९०५ साली त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. भोळ्या नव्हत्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या या.

वॉन्टेज: मध्ये कोण उभं राहणार?

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वॉन्टेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पुढचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

जेराल्डीनबाईंचं म्हणणं असं की नव्याने आलेल्या मुलीने मंडळीची शिकवण विनम्रपणे घ्यावी. रमाबाई एकेका मुद्द्यावर अडत होत्या. त्रैक्य का मानायचं, हे शास्त्रात नेमकं कुठे लिहिलंय, आणि मंडळी म्हणते म्हणून मी का मानायचं? आपल्याला विवेक आहे, बुद्धी आहे, आणि एवढ्या कष्टाने ब्राह्मणांच्या सत्तेतून बाहेर पडल्यावर आता पाद्र्यांच्या सत्तेखाली मान घालणार नाही, असा त्यांचा एकूण रोख होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावं की नाही, यावरही वाद झाला. भारतात काम केलेल्या बिशपांना ते पसंत नव्हतं. आपल्यासाठी काय योग्य हे परस्पर ठरवलं जातंय, याचा रमाबाईंना राग आला.

हे इथे सांगण्याचं कारण असं. या काळात रमाबाईंकडे देवाचा आवाज वगैरे काही नव्हतं, होता तो ग्रंथ आणि स्वतःची बुद्धी. पण 'ग्रंथ आणि मी यांच्यामध्ये दुसरा कोण' हा प्रश्न तेव्हाच पक्का झाला. पुढे भारतात आल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना वाटू लागलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनपर साक्षीत त्यांनी हे सांगितलंय. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर कुणापुढे हात न पसरता नुसत्या प्रार्थनेवर अनाथालय चालवतात, हे वाचून त्या फार प्रभावित झाल्या होत्या. केडगावचं मुक्ती सदनही त्याच तत्त्वावर चालू लागलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी मुली आणल्या. १९०० च्या आसपास तिथे दीड हजारांच्या घरात मुली-बाया होत्या.

१९०५: काय घडलं

१९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत याला 'संजीवन' म्हणतात. तिची बातमी वेल्श मिशनऱ्यांमार्फत आसामच्या खासी डोंगरात पोचली आणि १९०५ मध्ये तिथेही तसंच घडलं. मुक्तीत हे वाचलं जात होतं. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं की अशा जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला कोण येईल? सत्तरजणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या.

२९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास झोपायच्या दालनात एक मुलगी जागी झाली. आपल्या अंगात आग उतरली असं तिला वाटत होतं. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तोच लक्षात आलं की ही जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शांतपणे समजावून सांगत होत्या. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कित्येक दिवस शाळेचे वर्ग सोडून प्रार्थनाच चालल्या. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापली.

बादलीची ती गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आग दिसल्यावर जी मुलगी आधी पाणी आणायला धावते, तिच्या डोक्यात 'चमत्कार' हा शब्द नंतर येतो. अर्थात हे लिहिणाऱ्या सगळ्या व्यक्ती मुक्तीच्या कामातल्या किंवा तिच्या बाजूच्या होत्या, हेही धरून चालायला हवं.

रमाबाईंच्या सोबत मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन बाई काम करत. १८८७ साली त्या मेथडिस्ट मिशनतर्फे भारतात आल्या आणि १८९८ मध्ये मुक्तीत दाखल झाल्या. १९०६ साली त्यांनी पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक लहानसं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. त्याची एक प्रत चिलीतल्या वाल्पाराइसो शहरात पोचली. तिथे अब्राम्सबाईंची जुनी वर्गमैत्रीण, मिशनरी विलिस हूवर यांची पत्नी, राहत होती. हूवर दांपत्याने ते वाचलं आणि १९०९ साली चिलीत जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी हे वाचन होतं. दौंडजवळच्या एका स्टेशनच्या गावातून निघालेलं पुस्तक दक्षिण अमेरिकेत जाऊन मंडळ्या उभ्या करतं, आणि आपण इथे त्याला चार शब्दांत गुंडाळतो.

अन्य भाषा आणि तपासणी

इथे माझी आणखी एक चूक दुरुस्त करतो. माझी समजूत होती की मुक्तीत 'अन्य भाषा' बोलणं १९०५ लाच सुरू झालं. तसं नाही. १९०५ च्या जागृतीत रडणं, कबुली, आगीचा अनुभव आणि एकत्र मोठ्याने प्रार्थना हे होतं. अन्य भाषांच्या नोंदी १९०६ च्या अखेरीस येतात. अब्राम्सबाईंच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांचा उल्लेख नाही, दुसऱ्या आवृत्तीत आहे. मधल्या काळात, एप्रिल १९०६ पासून, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा गाजू लागल्या होत्या. पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास बहुधा तिथून सांगतात. केडगावची जागृती त्याच्या आधीची आहे.

आता, या भाषांचं काय करायचं? दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवलंय की मुक्तीत त्यांनी एका मुलीला चांगल्या इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं, आणि तिला इंग्रजी येत नाही असं त्यांना सांगण्यात आलं. नॉर्टन खोटं बोलत होते असं मानायला कारण नाही. पण मुक्तीत इंग्रज-अमेरिकन मदतनीस बाया होत्या, इंग्रजी प्रार्थना मुलींच्या कानावर पडत असणार. भाषा 'न येणं' आणि कानात 'न शिरणं' यात फरक आहे. मी याला पुरावा म्हणून घेणार नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. अल्फ्रेड गार हे अझूसा स्ट्रीटचे उपदेशक १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्याला आले. आपल्याला देवाने इथली भाषा दिली आहे, असा त्यांचा विश्वास होता. ती बंगाली नव्हती, हे लवकरच कळलं. बंगाली माणसासमोर उभं राहिलं की ही परीक्षा लगेच होते. गार यांनी अन्य भाषांवरचा विश्वास सोडला नाही, फक्त त्या प्रचारासाठी मिळतात हे म्हणणं सोडलं. इंजिनिअर म्हणून मला हे प्रामाणिक वाटतं. चाचणी झाली, निकाल आला, दावा आवरता घेतला.

पण ज्या सभासदांनी मला टोकलं त्यांचा मुद्दा भाषेचा नव्हताच. त्यांची आजी परकी भाषा बोलली नव्हती. तिला वाटलं होतं की देव आपल्याशी, दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीशी, बोलला. याला बंगाली माणूस समोर उभा करून चाचणी कशी घ्यायची?

रमाबाईंचं उत्तर

टीका सगळीकडून झाली. हा आरडाओरडा आहे, बायकांचा भावनावेग आहे, मुलींनी बाहेरून आलेल्या बातम्या ऐकून अनुकरण केलंय, असं मिशनरी वर्तुळातही बोललं जात होतं. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या नियतकालिकातून उत्तरं दिली. सप्टेंबर १९०७ च्या अंकातलं उत्तर सगळ्यांत सविस्तर आहे. माझ्या शब्दांत त्याचे तीन मुद्दे होतात.

पहिला: अन्य भाषा हे पवित्र आत्म्याच्या दानांपैकी एक आहे, हे शास्त्रातच आहे, म्हणून मी ते नाकारणार नाही. पण आत्मा मिळाल्याची ती एकमेव आणि आवश्यक खूण आहे, याला शास्त्रात आधार नाही. ज्या काळात अमेरिकेतले पेंटेकॉस्टल पुढारी नेमकं उलट सांगत होते, त्या काळात केडगावहून हे लिहिलं गेलं. खरी आणि आवश्यक खूण त्यांच्या मते एकच: प्रेम.

दुसरा: फळावरून झाड ओळखा. भांडखोर मुली समेट करतात का, चोरलेलं परत देतात का, दुसऱ्यासाठी झिजतात का, हे पाहा.

तिसरा मुद्दा आपल्या मराठी वाचकांना जास्त भिडेल. वेल्समध्ये वेल्श माणसाच्या पद्धतीने आत्मा काम करतो ते चालतं, मग हिंदी ख्रिस्ती माणसाने आपल्या पद्धतीने प्रार्थना केली तर ती विचित्र का ठरते? पाश्चात्त्य शिष्टाचार म्हणजेच शास्त्र, असं कुणी ठरवलं?

पहिल्या दोन मुद्द्यांत रमाबाई पूर्ण प्रोटेस्टंट आहेत. आवाज ग्रंथाशी ताडून पाहायचा, वागणुकीशी ताडून पाहायचा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल हेच सांगतो: संदेशांना तुच्छ लेखू नका, पण सगळ्याची पारख करा. तिसऱ्या मुद्द्यात वॉन्टेजची रमाबाई पुन्हा बोलते. ग्रंथ हा मीटर आहे, कबूल. पण तो वाचण्याचा हक्क तुमचाच का?

टीकाकार आणि समर्थक दोघेही शास्त्राचाच आधार घेऊ शकत होते, हेही पाहण्यासारखं आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात सभेत बायकांनी गप्प राहावं असंही आहे, आणि बायका संदेश देताना डोकं झाकून घेतात असंही आहे. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव आपला आत्मा मुलांवर आणि मुलींवर, दासांवर आणि दासींवरही ओतेल असं वचन आहे. मुक्तीतल्या मुली कोण होत्या? विधवा, अनाथ, दुष्काळग्रस्त. ज्यांना घरात, जातीत, मंडळीत, कुठेच बोलायचा हक्क नव्हता अशा. त्यांच्यासाठी 'देव आजही बोलतो का' हा प्रश्न 'तो माझ्याशीही बोलेल का' असा होता.

त्याच छापखान्यात

मला सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट यापुढची आहे. जागृतीच्या याच काळात रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, ती खेड्यातल्या साध्या बाईला कळत नाही, आणि हिंदू धर्मग्रंथांतले शब्द आल्याने अर्थ बदलतो, अशी त्यांची तक्रार होती. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या, बांधणी करायच्या. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. शेवटची तपासून झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. बायबल १९२४ साली छापून पूर्ण झालं.

आवाज ऐकणारी माणसं ग्रंथाला कमी लेखतात, असा एक सर्वसाधारण समज असतो. १९१८ साली अमेरिकेतले प्रिन्स्टनचे धर्मशास्त्री बी. बी. वॉरफिल्ड यांनी अशा सगळ्या दाव्यांवर एक पुस्तकच लिहिलं. चमत्कारी दानं प्रेषितांची ओळख पटवण्यापुरती होती, प्रेषितांबरोबर ती संपली, असा त्यांचा सिद्धान्त. हा विचार तर्कशुद्ध आहे आणि त्यामागची भीतीही खरी आहे. ग्रंथाबाहेरचा आवाज एकदा मान्य केला की ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य होतं. जगात अशा किती बुवा-बाबांनी आणि संदेष्ट्यांनी माणसं बुडवली हे आपण पाहतोच.

पण केडगावचा पुरावा या समजात बसत नाही. जिथे अब्राम्सबाईंचं आत्म्याच्या अग्नीवरचं पुस्तक छापलं, त्याच छापखान्यात इब्री आणि ग्रीक मुळाशी शब्द ताडून केलेलं बायबल छापलं. आणि ते अशा मराठीत, की मुलींनी ते स्वतः वाचावं. मला यातून कळलेली गोष्ट अशी: रमाबाईंनी आवाजाला मोकळीक दिली आणि त्याच वेळी तो तपासायचं साधन त्याच मुलींच्या हातात दिलं. पाद्र्याच्या नाही, बिशपच्या नाही, मिशनच्या नाही. ज्याला नुसता आवाज मिळतो आणि तपासायला काही मिळत नाही तो कुणाच्या तरी ताब्यात जातो. आणि ज्याच्या हातातला ग्रंथ दुसऱ्यानेच वाचून दाखवायचा, त्याचंही तेच होतं.

आपल्या मातीतला दुसरा धागा

रमाबाईंच्या समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा उल्लेख करायलाच हवा, कारण त्यांची वाटही आपल्या भागातून जाते. राजनांदगाव संस्थानात नोकरीला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं, हे त्यांच्या चरित्रात येतं. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये, ख्रिस्ताचं दर्शन झाल्याच्या अनुभवानंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले.

तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला, आणि नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, हे प्रत्येक मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे देव माणसाशी बोलतो यात मराठी ख्रिस्ती माणसाला नवल वाटलं नसेल, नवल वाटलं ते त्याला शिकवणाऱ्यांना. टिळकांनी हा वारसा उघडपणे मिरवला. रमाबाईंनी नाही. हिंदू शब्दसुद्धा त्यांना भाषांतरात नको होते. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा म्हणा हवं तर. मिशनची परवानगी न घेता देवाशी बोलायचं, एवढं मात्र दोघांचंही ठरलेलं होतं.

दुरुस्ती

तर, देव आजही शास्त्राबाहेर बोलतो का? हे मी ठरवू शकत नाही आणि इतिहासाच्या साधनांनी ते ठरतही नाही. इतिहास एवढंच सांगू शकतो की कुणी ऐकल्याचा दावा केला, तो कुणी तपासला, कशाशी ताडला आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं. या चार प्रश्नांची मुक्तीची उत्तरं अनेक मोठ्या धर्मपीठांपेक्षा स्वच्छ आहेत. अशा जागेला 'उन्माद' म्हणणं म्हणजे न वाचता आकडा लिहिणं.

गुलबर्ग्याच्या टिपणातला तो शब्द मी काढला आहे. त्याऐवजी आता असं आहे: "१९०५ साली मुक्ती सदनात झालेली धार्मिक जागृती, जिचे पडसाद चिलीपर्यंत उमटले." मसुदा त्या ज्येष्ठ सभासदांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "देव बोलला असं लिहिलं नाहीत." मी म्हटलं, "नाही लिहिलं." ते म्हणाले, "बरं केलंत. ते आजीने सांगायचं. तुम्ही फक्त ती खोटारडी नव्हती एवढं लिहा." ते इथे लिहितो आहे.

शेवटी एक विनंती. गुलबर्गा, हैदराबाद, बडोदा, इंदूर, बेळगाव, कुठल्याही गावातल्या आपल्या वाचकांच्या ओळखीत मुक्तीशी नातं असलेलं घर असेल, १९२४ च्या छपाईचं रमाबाईंचं बायबल असेल, 'प्रेअर बेल'चे अंक किंवा आजी-पणजीने सांगितलेल्या आठवणी असतील, तर मंडळाकडे जरूर कळवा. मूळ प्रत द्यायची गरज नाही, फोटो चालेल. आठवणी मात्र लवकर लिहून घ्यायला हव्यात. त्या सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.